दंडुक्याने विकास होतो काय?

लोकशाही ही गरीब देशाला न परवडणारी चैन आहे, हा सिद्धान्त आपल्याकडे नवा नाही. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा गाड्या वेळेवर धावू लागल्या, कचेऱ्यांतून माणसे जागेवर सापडू लागली आणि संप थांबले, म्हणून समाधानाचा सुस्कारा टाकणारे सुशिक्षित थोडे नव्हते. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, पिके भरघोस आली, राष्ट्रीय उत्पन्न वाढले. त्याचे श्रेयही ‘अनुशासना’च्या पदरात टाकण्यात आले. पुढच्या वर्षी अनुशासन तेच होते, तुरुंगही भरलेलेच होते, परंतु वाढीचा दर कोसळला. तेव्हा मात्र हा हिशेब मांडायला कोणी पुढे आले नाही. २०२० च्या डिसेंबरात नीती आयोगाच्या तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी, भारतात लोकशाही जरा अधिकच असल्यामुळे कठोर सुधारणा अवघड होतात, अशा आशयाचे उद्गार काढले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, विरोधी पक्षांचा बहिष्कार चालू असताना, तीन कामगार संहिता संसदेत संमत करून घेण्यात आल्या होत्या. उद्गार आणि कृती यांत विसंगती नव्हती.

या युक्तिवादाला पुरावा म्हणून जे देश उभे केले जातात, त्यांत दक्षिण कोरियाचा क्रमांक पहिला. १९६१ मध्ये त्या देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न शंभर डॉलरच्या खाली, म्हणजे साधारण भारताच्याच पातळीवर होते. त्याच वर्षी १६ मे रोजी जनरल पार्क चुंग-ही याने लष्करी उठाव करून सत्ता बळकावली, अठरा वर्षे ती आपल्या मुठीत ठेवली, आणि त्या अठरा वर्षांत विग व प्लायवुड विकणारा देश पोलाद व जहाजे विकू लागला. यावरून निष्कर्ष काढला जातो, की चाबूक हाती असला की विकास आपोआप होतो. श्रमिकांच्या चळवळीत काम करणाऱ्यांनी या निष्कर्षाला केवळ नैतिक संतापाने उत्तर देऊन भागणार नाही. कोरियाने प्रगती केली हे खरेच आहे, आणि ती नाकारण्यात काही पुरुषार्थ नाही. प्रश्न असा आहे, की त्या प्रगतीचे नेमके कारण कोणते, आणि तेथील शासनसंस्थेने चाबूक कोणाकोणाच्या पाठीवर ओढला.

कथेचा आरंभ १९६१ पासून करणे हीच पहिली लबाडी आहे. जपानी राजवट १९४५ मध्ये संपली, तेव्हा कोरियातील सुमारे दोनतृतीयांश शेतजमीन कुळांच्या हातून कसली जात होती आणि पिकाचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक वाटा खंडापायी जमीनदाराच्या कोठारात जात होता. १९४६ च्या मार्चमध्ये उत्तर कोरियाने जमीनदारी मोडून जमिनी वाटून टाकल्या. या घटनेचा धाक दक्षिणेतील राज्यकर्त्यांना आणि त्यांच्या अमेरिकन पाठीराख्यांना इतका बसला, की १९४८ मध्ये अमेरिकन लष्करी प्रशासनाने जपानी मालकीच्या जमिनी कुळांना विकल्या आणि १९४९ मध्ये दक्षिण कोरियाच्या विधिमंडळाने जमीन सुधारणेचा कायदा केला. तीन हेक्टरच्या आसपासची कमाल मर्यादा, तिच्यावरील सर्व जमीन सरकारजमा, कुळाने वर्षाच्या पिकाच्या दीडपट किंमत पाच वर्षांच्या हप्त्यांनी फेडावी, अशी ती साधी व कठोर योजना होती. जमीनदारांना रोखे मिळाले. युद्धकाळातील भाववाढीने त्या रोख्यांना रद्दीची कळा आणली. दोन-तीन वर्षांत कुळांकडील जमिनीचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आले. शतकानुशतके खेड्यावर आणि राजदरबारावर स्वार झालेला एक वर्ग हिंसक क्रांतीवाचून इतिहासातून बाद झाला.

या कायद्याचा पहिला मसुदा ज्याच्या खात्यात तयार झाला, तो कृषिमंत्री चो बोंग-आम हा पूर्वाश्रमीचा कम्युनिस्ट आणि नंतरचा लोकशाही समाजवादी. १९५६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याने सिंगमन ऱ्हीच्या विरोधात वीस लाखांहून अधिक, म्हणजे सुमारे तीस टक्के मते घेतली आणि त्यानंतर पुरोगामी पक्ष स्थापन केला. उत्तर कोरियाशी शांततेने एकीकरण साधावे, असे म्हणणाऱ्या या पुढाऱ्याला हेरगिरीच्या आरोपाखाली १९५९ च्या जुलैमध्ये फासावर चढविण्यात आले. २०११ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. ‘कोरियन चमत्कारा’ची जी चकचकीत पुस्तके आपल्याकडील व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत वाचली जातात, त्यांत या माणसाचे नाव शोधूनही सापडणार नाही, पण ज्या भूमीवर तो चमत्कार उभा राहिला, ती भूमी कसणाऱ्याच्या नावावर करण्याच्या कामी त्याचा हात होता.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे तुलना सुचल्याशिवाय राहणार नाही. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा, म्हणजे कोरियाच्या कायद्याच्या एक वर्ष आधीचा. परंतु कुळाला मालक मानण्याचा ‘कृषकदिन’ उजाडला १ एप्रिल १९५७ रोजी. मधल्या काळात काय घडले, हे दांडेकर व खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या पाहणीत नोंदवून ठेवले आहे: कुळांनी ‘राजीखुशीने’ जमिनी सोडून दिल्याची प्रकरणे गावोगाव झाली. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात या कायद्याने हजारो कुळे मालक झाली, हे नाकारता येणार नाही. तसे करणे हा त्या लढ्यांचा अवमान ठरेल. परंतु देशपातळीवर कमाल जमीनधारणेच्या कायद्यांतून भूमिहीनांच्या हाती पडलेली जमीन लागवडीखालील क्षेत्राच्या तुलनेत नगण्यच राहिली. जमीनदार आणि बडा बागायतदार विधानसभेत, जिल्हा परिषदेत आणि पक्षाच्या कार्यालयात बसलेलाच राहिला. शासनाचे हात बांधले ते त्याने. कामगार संघटनांनी नव्हे.

जमीन मिळालेल्या शेतकऱ्याने मुलांना शाळेत घातले. १९५० पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि युद्धाने शाळांची छपरे उडाली असतानाही दहा वर्षांच्या आत बहुतेक सर्व मुले शाळेत जाऊ लागली. शिकलेली ही पहिली पिढी १९६० मध्ये रस्त्यावर आली. १५ मार्चच्या निवडणुकीत ऱ्हीने उघडउघड मते चोरली. मासान बंदरात एका शाळकरी विद्यार्थ्याचे प्रेत तरंगत वर आले. १९ एप्रिलला सोलमध्ये विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि २६ एप्रिलला ऱ्हीने राजीनामा दिला. त्यानंतर निवडून आलेल्या चांग म्योन सरकारला जेमतेम नऊ महिने मिळाले. तेवढ्या काळात त्या सरकारने पंचवार्षिक योजनेचा आराखडा तयार करविला होता. १९६२ मध्ये पार्कने मोठ्या थाटाने सुरू केलेली पहिली योजना याच आराखड्यावर बेतलेली होती. जमीन, शाळा आणि योजना या तिन्ही गोष्टी, तेव्हा, सेनापती सत्तेवर येण्यापूर्वीच अस्तित्वात होत्या. त्यांच्यामागे समाजाच्या खालच्या थरांतून आलेला रेटा होता.

पार्कच्या राजवटीने स्वतःची म्हणून जी गोष्ट केली, ती भांडवलदारांच्या बाबतीत. तिचे वर्णन सविस्तर करायला हवे, कारण आपल्याकडील पार्कभक्त नेमके तेवढेच विसरतात. उठावानंतर काही आठवड्यांतच बड्या उद्योगपतींना ‘बेकायदा संपत्ती’ साठविल्याच्या आरोपावरून अटक झाली. सॅमसंगचा संस्थापक ली ब्योंग-चुल त्या वेळी टोकियोत होता; त्यालाही परत यावे लागले. पुढे तडजोड झाली, दंडाऐवजी कारखाने उभारण्याची अट आली आणि मंडळी सुटली; तेव्हा हा काही समाजवादी न्याय नव्हता. परंतु त्याच वर्षी व्यापारी बँकांचे भाग सरकारने ताब्यात घेतले आणि कर्जाची किल्ली कायमची आपल्या कमरेला लावली. जो निर्यात करील त्याला स्वस्त कर्ज. त्याचे व्याज बाजारातील व्याजाच्या एका लहानशा अंशाइतके. निर्यातीचे लक्ष्य प्रत्येक कंपनीला नेमून दिलेले. दरमहा अध्यक्षाच्या उपस्थितीत आढावा. लक्ष्य चुकले की कर्ज आटले. १९५० च्या दशकातील कित्येक बडी घराणी वीस वर्षांनंतरच्या यादीत दिसत नाहीत. १९६४ मध्ये निर्यातीने दहा कोटी डॉलरचा टप्पा गाठला आणि १९७७ मध्ये एक हजार कोटी डॉलरचा.

आपल्याकडे परवाना होता, अट नव्हती. मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ प्रा. आर. के. हजारी यांनी १९६०च्या दशकात नियोजन मंडळासाठी केलेल्या अभ्यासात दाखवून दिले, की बड्या घराण्यांनी, विशेषतः बिर्ला समूहाने, एकाच मालासाठी अनेक अर्ज करून परवाने अडवून ठेवले, कारखाने मात्र उभारले नाहीत. हेतू हा, की दुसऱ्याने उभारू नयेत. ज्या साधनाने भांडवलाला वळण लावायचे, तेच साधन भांडवलाची वतनदारी झाले. या घराण्यांना संरक्षण मिळाले, स्वस्त पतपुरवठा मिळाला, बंद बाजारपेठ मिळाली. मोबदल्यात त्यांनी काय द्यायचे, हे कोणी विचारले नाही, आणि विचारण्याइतके बळ ज्या सरकारजवळ होते त्याच्या निवडणुकीचा खर्च याच घराण्यांच्या देणग्यांतून चालत होता. ‘परवाना राज्य’ म्हणून ज्याची आज टिंगल होते, त्याचे दुखणे नियंत्रणाचा अतिरेक हे नव्हते. नियंत्रण कारकुनाच्या पातळीवर कडक आणि मालकाच्या पातळीवर सैल होते, हे ते दुखणे.

कोरियाला अनुकूल ठरलेल्या बाह्य परिस्थितीचाही उल्लेख करायला हवा. शीतयुद्धाच्या सीमेवरील चौकी म्हणून अमेरिकेने त्या देशात पैसा ओतला आणि आपली बाजारपेठ त्याला खुली ठेवली. १९६५ च्या करारानुसार जपानने तीस कोटी डॉलरचे अनुदान व वीस कोटी डॉलरचे कर्ज दिले. वसाहतकाळातील अत्याचारांचा हिशेब इतक्या स्वस्तात मिटविला म्हणून विद्यार्थ्यांनी आदल्या वर्षीच रान उठविले होते, आणि त्यांना लष्करी कायद्याने गप्प करण्यात आले होते. या पैशातील काही भाग पोहांगच्या पोलाद कारखान्यात गेला, ज्याला जागतिक बँकेने प्रतिकूल अभिप्राय दिला होता. १९६४ ते १९७३ या काळात तीन लाखांहून अधिक कोरियन सैनिक व्हिएतनामात अमेरिकेच्या बाजूने लढले. सुमारे पाच हजार मेले. तेथून आलेले डॉलर आणि ठेके कोरियन कंपन्यांच्या उत्कर्षात मोजावे लागतात. अनुकरणाची शिफारस करणाऱ्यांनी हा भागही अनुकरणीय आहे काय, ते सांगावे.

भांडवलावरील हा अंमलही जसजशी वर्षे गेली तसतसा एकतर्फी झाला. कर्जाच्या जिवावर वाढलेल्या कंपन्या १९७० नंतर अडचणीत येऊ लागल्या. ३ ऑगस्ट १९७२ रोजी अध्यक्षाने हुकूम काढून कंपन्यांनी खासगी सावकारी बाजारातून घेतलेली सर्व कर्जे गोठविली. तीन वर्षे परतफेड नाही, नंतर पाच वर्षांत अल्प व्याजाने. हे कर्ज देणाऱ्यांत बडे सावकार होते, तसेच आयुष्याची पुंजी चार पैसे अधिक व्याजासाठी गुंतविणारे लहान बचतदारही होते. त्यांच्या तोंडचा घास काढून उद्योगसमूहांना वाचविण्यात आले. लाडके कोण आणि दत्तक कोण, हे या एका हुकुमाने स्पष्ट केले. दोन महिन्यांनी, १७ ऑक्टोबरला, लष्करी कायदा पुकारून विधिमंडळ बरखास्त झाले आणि ‘युशिन’ संविधान आले: अध्यक्षाची थेट निवडणूक रद्द, विधिमंडळाचे एकतृतीयांश सभासद अध्यक्षाच्या पसंतीचे. १९७१ च्या निवडणुकीत किम दे-जुंग याने पंचेचाळीस टक्के मते घेऊन पार्कची झोप उडविली होती. पुन्हा तो धोका पत्करायचा नव्हता. ही हुकूमशाही विकासासाठी आली नाही. विकास होत असूनही मते हातची निसटत होती, म्हणून ती आली.

आता श्रमिकांकडे वळू. १९६० व ७० च्या दशकांतील कोरियन निर्यात म्हणजे मुख्यतः कापड, कपडे, विग आणि विजेची किरकोळ उपकरणे. आणि ती तयार करणारे हात बहुतांशी सोळा ते पंचवीस वर्षांच्या, खेड्यातून आलेल्या मुलींचे. त्यांचे वेतन पुरुषांच्या निम्म्याहून कमी. सोलच्या प्योंगह्वा बाजारात शिवणकामाच्या खोल्या इतक्या बुटक्या होत्या, की माणसाला ताठ उभे राहता येत नसे. तेथे पंधरा-पंधरा तास काम चाले आणि कापडाच्या तंतूंनी छाती भरून मुली क्षयाने खंगत. चोन ते-इल हा तेथला बावीस वर्षांचा कापणी कामगार. १९५३ चा कामगार मानके कायदा देशात अस्तित्वात आहे, हे त्याला कळले; तो त्याने विकत आणला; पण कायदा चिनी अक्षरांनी भरलेला. महाविद्यालयात शिकणारा एखादा मित्र असता तर, अशी खंत त्याने व्यक्त केली होती. त्याने पाहणी केली, कामगार खात्याकडे अर्ज केले, वृत्तपत्रांकडे गेला. काही झाले नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी कायद्याची ती प्रत हाती घेऊन त्याने स्वतःला पेटवून घेतले. ‘कामगार कायदा पाळा’, ‘आम्ही यंत्रे नव्हेत’ या त्याच्या घोषणा होत्या. नवा कायदा करा, असेही तो म्हणत नव्हता; आहे तो पाळा, एवढेच म्हणत होता. त्याची आई ली सो-सन हिने मुलाच्या मागण्या मान्य झाल्याशिवाय प्रेत ताब्यात घ्यायला नकार दिला, बाजारातील शिवणकामगारांची संघटना उभी राहिली, आणि २०११ मध्ये मृत्यू येईपर्यंत ही बाई कोरियन कामगार चळवळीत वावरत राहिली.

राजवटीचे उत्तर वर्षभरात आले. १९७१ च्या डिसेंबरातील राष्ट्रीय सुरक्षेच्या खास कायद्याने सामुदायिक वाटाघाटींचा आणि संपाचा हक्क काढून घेतला. कामगारांच्या अधिकृत महासंघात सरकारची माणसे बसविलेली होतीच. तरीही मुलींनी हार मानली नाही. इंचॉनच्या दोंगिल कापड गिरणीत १९७२ मध्ये कामगारांनी आपल्यातील एका स्त्रीला संघटनेची अध्यक्ष निवडले. त्या देशात असे प्रथमच घडत होते. १९७८ च्या फेब्रुवारीत संघटनेच्या निवडणुकीसाठी जमलेल्या स्त्री कामगारांवर व्यवस्थापनाच्या बाजूच्या पुरुषांनी विष्ठा फेकली. पोलीस उभे राहून पाहत होते. पुढच्या वर्षी वायएच या विग बनविणाऱ्या कंपनीने कारखाना बंद केला, तेव्हा सुमारे दोनशे मुलींनी विरोधी पक्षाच्या मुख्य कार्यालयात आश्रय घेतला. ११ ऑगस्ट १९७९ च्या पहाटे पोलिसांनी ते कार्यालय फोडले. किम क्योंग-सुक ही एकवीस वर्षांची कामगार त्यात मरण पावली. निषेध करणारा विरोधी पक्षनेता किम योंग-साम याला विधिमंडळातून हाकलण्यात आले. त्याचे शहर बुसान आणि शेजारचे मासान पेटले. आणि या दंगलींना कसे तोंड द्यावे यावर वाद चालू असतानाच २६ ऑक्टोबरला पार्कच्या गुप्तहेर प्रमुखाने भोजनाच्या टेबलावर त्याला गोळ्या घातल्या. विग बनविणाऱ्या मुलींच्या ठिय्यापासून अध्यक्षाच्या वधापर्यंत अवघे अकरा आठवडे लागले.

येथे प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा विचारात घ्यायला हवा. वेतन दाबून ठेवले नसते तर निर्यात झाली असती काय? पहिल्या टप्प्यात स्वस्त श्रम हेच कोरियाचे भांडवल होते, हे खरे. परंतु वेतन स्वस्त होते ते मुख्यतः खेड्यातून येणाऱ्या मजुरांच्या लोंढ्यामुळे. त्यासाठी कोणाला ठार मारण्याची गरज नव्हती. शिवाय कालक्रम तपासला तर दडपशाही आणि वाढ यांचे नाते उलगडते. १९६३ ते १९७१ या काळात, जेव्हा निवडणुका होत होत्या, विरोधी पक्ष होता आणि वृत्तपत्रे काही प्रमाणात बोलत होती, तेव्हा वाढीचा दर सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास होता. युशिनच्या लोखंडी काळात अवजड उद्योगांत प्रचंड गुंतवणूक झाली. त्यातून पोलाद आणि जहाजबांधणी उभी राहिली, तशीच बेसुमार भाववाढ आणि पडून राहिलेली उत्पादनक्षमताही. प्रश्न विचारणारे तुरुंगात असल्यामुळे चूक वेळीच दिसली नाही. १९८० मध्ये, दडपशाहीच्या परमोच्च बिंदूला, ग्वांगजूच्या रस्त्यांवर चुन डू-ह्वानचे सैनिक नागरिकांना भोसकत होते त्या वर्षी, कोरियाचे राष्ट्रीय उत्पन्न घटले, युद्धानंतर प्रथमच.

याच्या उलट १९८७ पाहा. जानेवारीत एका विद्यार्थ्याचा पोलीस कोठडीत छळ होऊन मृत्यू झाला, जूनमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले, २९ जूनला राजवटीने थेट निवडणूक मान्य केली. लगेच जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत तीन हजारांहून अधिक संप झाले. उल्सानच्या जहाजबांधणी कामगारांपासून टॅक्सीचालकांपर्यंत सारे त्यात उतरले. चाबूकवादी सिद्धान्ताप्रमाणे यानंतर अर्थव्यवस्था कोसळायला हवी होती. प्रत्यक्षात १९८८ ते १९९६ या नऊ वर्षांत वाढ सरासरी आठ टक्क्यांच्या वर राहिली आणि वेतने झपाट्याने वाढली. १९८८ पासून किमान वेतन कायदा लागू झाला. १९८९ मध्ये आरोग्य विमा सर्व नागरिकांपर्यंत पोहोचला. स्वस्त श्रमावर जगणे अशक्य झाल्यावर कंपन्यांना यंत्रे आणि संशोधन यांकडे वळावे लागले. कामगारांची ताकद ही विकासातील अडथळा ठरली नाही. ती विकासाची पुढली पायरी चढायला लावणारी सक्ती ठरली.

१९९७ चे अरिष्ट लोकशाहीच्या माथी मारले जाते, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. पार्कने पोसलेले उद्योगसमूह तोवर शासनापेक्षा मोठे झाले होते. १९९४ मध्ये नियोजनाचे मंडळ मोडीत काढण्यात आले, परदेशी कर्जाचे दरवाजे सताड उघडले गेले आणि समूहांनी अल्पमुदतीच्या डॉलर कर्जांवर कारखाने उभारले. हान्बो बुडाली, किया बुडाली आणि ३ डिसेंबर १९९७ रोजी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींवर सही करावी लागली. भांडवलावरील अंमल सुटल्याने ओढवलेल्या या संकटाची किंमत कामगारकपातीच्या नव्या कायद्याने कामगारांकडून वसूल झाली. तेव्हापासून कोरियातील पगारी कामगारांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कंत्राटी वा हंगामी आहेत आणि वृद्धांतील दारिद्र्य श्रीमंत देशांच्या संघटनेत सर्वांत जास्त आहे. कोरिया म्हणजे समाजवाद्यांचे नंदनवन, असा कोणाचाही दावा नाही.

तरीही त्या समाजाने काही कमावले आहे, याचे प्रत्यंतर ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री आले. अध्यक्ष युन सोक-योल याने दूरचित्रवाणीवरून लष्करी कायदा पुकारला. नागरिक आणि कामगार संघटनांचे कार्यकर्ते मध्यरात्री संसदेकडे धावले, सभासद कुंपणावरून उड्या मारून आत गेले, आणि तीन तासांच्या आत १९० विरुद्ध शून्य मतांनी लष्करी कायदा मागे घेण्याचा ठराव झाला. ४ एप्रिल २०२५ रोजी संविधान न्यायालयाने युनला पदच्युत केले. जूनमध्ये निवडून आलेला अध्यक्ष ली जे-म्योंग हा किशोरवयात कारखान्यांत राबलेला आणि तेथेच हात अधू झालेला माणूस आहे. तो काय करील ते पुढे दिसेल.

आपल्याकडे २०२५ च्या नोव्हेंबरात कामगार संहिता अमलात आल्या. तीनशेपर्यंत कामगार असलेल्या कारखान्याला कपात वा बंदीसाठी सरकारची परवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा शंभर होती. संपासाठी मात्र प्रत्येक उद्योगात चौदा दिवसांची पूर्वसूचना हवी. ‘कोरियासारखा विकास’ हे या बदलांचे समर्थन असेल, तर कोरियाची जमीनवाटणी, कोरियाच्या शाळा आणि कोरियाने भांडवलावर लादलेल्या अटी यांचा मसुदा कोणत्या अधिवेशनात येणार आहे? हा प्रश्न गेट-सभेत आणि अभ्यासवर्गात विचारला गेला पाहिजे. अनुकरण फक्त १९७१ च्या डिसेंबरातील कायद्याचेच चालले आहे.

कोरिया आता इतका दूरही राहिलेला नाही. तमिळनाडूत श्रीपेरुम्बुदूर येथील सॅमसंगच्या कारखान्यात २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कामगारांनी सदतीस दिवस संप केला. मुख्य मागणी संघटनेच्या मान्यतेची होती. स्वतःच्या देशात या समूहाने संघटनाविरोधी धोरण सोडल्याचे २०२० मध्ये जाहीर केले, तेही प्रमुखावर खटले चालू असताना. येथे कामगारांना संघटनेची नोंदणी २०२५ च्या जानेवारीत, न्यायालयाचे दार ठोठावल्यानंतर मिळाली.

उलट दिशेचे उदाहरण मुंबईचे आहे. सोलच्या दक्षिणेस प्योंगतेक येथे सांगयोंग मोटार कारखान्यात २००९ मध्ये सुमारे सव्वीसशे कामगारांची कपात जाहीर झाली. कामगारांनी सत्त्याहत्तर दिवस कारखाना ताब्यात ठेवला आणि शेवटी पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून अश्रुद्रव्य सोडून तो रिकामा केला. नंतर मुंबईच्या महिंद्र समूहाने ही कंपनी विकत घेतली. कामावरून काढलेल्यांपैकी उरलेल्या ११९ जणांना परत घेण्याचा करार २०१८ च्या सप्टेंबरात झाला. तोवर कामगार आणि त्यांचे कुटुंबीय मिळून तीस जण आत्महत्येने वा आजाराने गेले होते. मधल्या काळात न्यायालयाने संप केल्याबद्दल कामगारांना चारशे सत्तर कोटी वॉनची नुकसानभरपाई भरायला फर्मावले. २०१४ मध्ये एका वाचकाने सत्तेचाळीस हजार वॉन एका पिवळ्या पाकिटात घालून साप्ताहिकाकडे पाठविले: एक लाख माणसांनी एवढेच पाठविले तर दंड फिटेल, असा हिशेब करून. पिवळे पाकीट अशासाठी, की पूर्वी कोरियात पगार तशाच पाकिटातून मिळत असे. ‘पिवळ्या पाकिटाचा कायदा’ या नावाने ओळखले जाणारे विधेयक युनने नकाराधिकार वापरून परत पाठविले होते. ते २४ ऑगस्ट २०२५ रोजी कोरियाच्या संसदेत संमत झाले. त्याने संपकऱ्यांवरील भरपाईच्या दाव्यांना मर्यादा घातली आणि कंत्राटी कामगारांना मूळ मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क दिला.